फ्रिजच्या मागचा ट्रे: गणपतीसाठी लख्ख केलेल्या घरात डेंग्यू कसा झाला, त्याचं पूर्ण प्रकरण

आमचं घर पुण्यात, सिंहगड रोडच्या बाजूला, पाचवा मजला, टू बीएचके. घरात मी, नवरा, सासूबाई आणि धाकटी, ती नववीत. थोरला जून 2024 पासून हॉस्टेलवर. केर-फरशी आणि भांड्यांना मावशी येतात. हे आधीच सांगून ठेवते कारण यातली प्रत्येक गोष्ट पुढे येणार आहे, थोरला हॉस्टेलवर गेला हीसुद्धा.

आणि घर अस्वच्छ नव्हतं. गणपती 7 सप्टेंबरला होते, त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी, म्हणजे 31 ऑगस्ट आणि 1 सप्टेंबरला, आम्ही घर अक्षरशः उपसलं होतं. पंखे पुसले, जळमटं काढली, पडदे धुतले, ओट्यामागच्या टाइल्सवरचा चिकटा सोडा लावून काढला, माळ्यावरची पितळी भांडी उतरवून चिंचेने घासली, सासूबाईंनी खुर्चीत बसून देवाची सगळी उपकरणी लखलखीत केली. फ्रिज रिकामा करून आतून-बाहेरून पुसला, वरचं कव्हर धुतलं. मागे मात्र बघितलं नाही, तो भिंतीला चिकटून आहे आणि एका बाजूला कपाट, त्यामुळे तिकडे कधी कुणाचा हातच जात नव्हता.

18 तारखेला बुधवारी पितृपक्ष लागला, त्याच दिवशी संध्याकाळी धाकटी क्लासवरून आली ती सरळ झोपली. ताप 102. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाली, आणि पाठ. दुसऱ्या दिवशी 103 पर्यंत गेला. शुक्रवारी डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, डेंग्यूची एनएस वन चाचणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट 1,48,000. त्यांनी लगेच बजावलं की तापाला फक्त पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन नाही, ब्रुफेन वगैरे नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो, आणि पाणी, सरबत, ताक, जे जाईल ते सतत द्यायचं. आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, ती मला आजही प्रत्येकाला सांगाविशी वाटते: ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नका, ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच सांभाळायचे असतात, पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यातून रक्त आलं किंवा पोरगी एकदम गळून गेली तर थेट हॉस्पिटल गाठायचं. रविवारी ताप उतरला, आम्ही जरा श्वास सोडला, आणि सोमवारी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. प्लेटलेट 58,000. ॲडमिट केलं, सलाइन लावली. दोन रात्री मी त्या बाकड्यावर बसून काढल्या. बुधवारी 74,000 झाल्या, खायला लागली, संध्याकाळी घरी सोडलं. शुक्रवारच्या तपासणीत 1,12,000. पोरगी बरी झाली, एवढं इथेच सांगून टाकते म्हणजे वाचताना कुणाच्या जिवाला घोर नको.

डेंग्यू निघाला की लॅब आणि हॉस्पिटलला महापालिकेला कळवावं लागतं. त्यामुळे 26 तारखेला गुरुवारी सकाळी आरोग्य खात्याच्या एक ताई आल्या. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, एक पांढरा वाडगा. नवरा जरा वैतागलेलाच होता, तो म्हणाला अहो आमच्या घरात कुठलं पाणी साठणार, मागचा नाला बघा आधी, डास तिथून येतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, नाल्यातला डास वेगळा. डेंग्यूवाला घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो. फ्रिज कुठंय?"

मला वाटलं पाणी प्यायला मागतायत. मी बाटली काढायला गेले तर त्या म्हणाल्या, "आत नाही ताई, मागं."

नवऱ्याने बटण बंद करून, प्लग काढून फ्रिज पुढे ओढला. मागे भिंतीवर काळपट पट्टा, जमिनीवर बोटभर जाडीची धूळ, जुना फ्रिज मॅग्नेट, दोन शेंगदाणे. आणि खाली काँप्रेसरच्या डोक्यावर बसवलेला काळा प्लॅस्टिकचा ट्रे, साधारण टिफिनच्या झाकणाएवढा. त्यात दोन बोटं पाणी, फिकट चहाच्या रंगाचं, वर धुळीची साय. ताईंनी टॉर्च मारला आणि पाणी हललं. कुणी हात लावला नव्हता, आपोआप हललं. पृष्ठभागाला डोकं खाली करून लटकलेल्या अळ्या उजेड पडताच वळवळत तळाला गेल्या आणि थोड्या वेळाने एकेक करून परत वर यायला लागल्या. त्यांनी थोडं पाणी त्या पांढऱ्या वाडग्यात घेऊन मला दाखवलं. पांढऱ्यावर स्पष्ट दिसतात, तांदळाच्या कणीहून बारीक, आणि त्यांच्यात चार-पाच स्वल्पविरामासारखे वाकडे. ते कोश. त्या म्हणाल्या, "हे बघा, हे उद्या-परवा उडाले असते."

सासूबाई खुर्चीतून उठून बघायला आल्या. वाडग्यात बघितलं आणि काही न बोलता नातीच्या खोलीकडे गेल्या.

आता हे पाणी तिथे येतं कुठून. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ साचत नाही असं आपण म्हणतो, पण आतल्या कॉइलवर बर्फ धरतोच, फक्त ठरावीक वेळाने एक छोटा हीटर तो वितळवतो, आणि ते पाणी मागच्या भोकातून नळीने खाली ट्रेमध्ये पडतं. काँप्रेसर गरम असतो, त्या उबेने पाणी उडून जावं अशी व्यवस्था. उन्हाळ्यात बहुतेक उडूनही जातं. पावसाळ्यात मात्र आपण जितक्या वेळा दार उघडतो तितक्या वेळा दमट हवा आत जाते, तिचा बर्फ जास्त धरतो, ट्रेमध्ये पाणी जास्त येतं, आणि बाहेरची हवाच ओली असल्याने ते उडत नाही. गणपतीत तर आमचा फ्रिज दिवसभर उघड-मीट चालू होता, पाहुणे, नैवेद्य, मोदकाचं सारण, दूध. शिवाय फ्रिज भिंतीला चिकटलेला, मागे अंधार, ऊब आणि पाणी. एडिसच्या, म्हणजे डेंग्यूवाल्या डासाच्या, मादीला याहून चांगली जागा कुठली मिळणार. साध्या डायरेक्ट कूल फ्रिजमध्येही डीफ्रॉस्टचं बटण दाबल्यावर पाणी कुठेतरी जमतंच, बऱ्याच मॉडेलला मागेच ट्रे असतो, त्यामुळे आमचा जुना फ्रिज आहे, आम्हाला हे लागू नाही असं समजू नका.

तारखा मांडून बघितल्या तर सगळं जुळतं आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. डास चावल्यापासून साधारण 4 ते 10 दिवसांत ताप येतो. ताप 18 ला, म्हणजे चावला 8 ते 14 च्या दरम्यान, ऐन गणपतीत. अंड्यापासून उडणारा डास व्हायला पावसाळ्याच्या हवेत सात ते दहा दिवस. म्हणजे 31 ऑगस्टला आम्ही फ्रिजचं दार पुसत होतो तेव्हा मागे बहुतेक पाणी भरलेलंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला ऑगस्टच्या शेवटी डेंग्यू झालेला. डास आजारी माणसाला चावला की आठ-बारा दिवसांनी तो दुसऱ्याला आजार देऊ शकतो. आणि हा डास फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचा संसार, मजले मात्र जिन्याने-लिफ्टने सहज चढतो, पाचवा काय दहावा काय. धाकटी सकाळी सात वाजता डायनिंग टेबलाशी अभ्यासाला बसते, अर्धी चड्डी, पाय टेबलाखाली, फ्रिज पाठीशी दोन हातांवर. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त, आणि पायालाच. रात्री आम्ही मच्छरदाणी लावत होतो. तिला चावला तो आमच्याच ट्रेमधला का तिसऱ्या मजल्यावरचा, हे डासाला विचारता येत नाही, पण ट्रेमध्ये अळ्या होत्या आणि पोरगी त्या ट्रेच्या बाजूला बसत होती, मला एवढं पुरेसं आहे.

ताईंनी वाडग्यात आणि ट्रेमध्ये कढत पाणी ओतायला लावलं, मग बाहेर टाकायला सांगितलं. नुसतं बाथरूमच्या जाळीत ओतू नका म्हणाल्या, खाली पाणी असतंच, तिथे जगतात. मग त्यांनी सगळं घर बघितलं, आणि त्यांच्या बघण्यात आणि आमच्या साफसफाईत काय फरक होता ते मला त्या अर्ध्या तासात समजलं. आम्ही मळ शोधत होतो. त्या पाणी शोधत होत्या. मळकी जागा दिसली तरी त्या थांबत नव्हत्या, आणि स्वच्छ दिसणाऱ्या जागेपाशी वाकून बघत होत्या.

दुसरी जागा सापडली थोरल्याच्या बाथरूममध्ये. तो गेल्यापासून ते कुणी वापरत नाही, आम्ही आत बादल्या आणि पाट ठेवलेले. फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं तर पाण्यात पाच-सहा अळ्या. जून ते सप्टेंबर तेच पाणी. खाली नहाणी ट्रॅपची जाळी उचलली तर तिथेही. ट्रॅपमध्ये पाणी राहायलाच हवं, ते नसेल तर गटाराचा वास आणि झुरळं वर येतात, पण रोज पाणी पडलं की ते बदलत राहतं. न वापरलेल्या बाथरूममध्ये ते बदलतच नाही. ज्यांची मुलं शिकायला बाहेर गेलीत, ज्यांच्या घरात पाहुण्यांचं म्हणून एक बाथरूम बंद असतं, त्यांनी कृपा करून हे आजच बघा. आठवड्यातून दोनदा फ्लश करायचा, एक बादली पाणी जाळीत ओतायचं, आणि गावाला जाताना जाळीवर ओलं फडकं नीट दाबून ठेवायचं, बस.

मग तुळशीच्या कुंडीखालची थाळी. सासूबाई रोज पाणी घालतात, जास्तीचं थाळीत उतरतं. त्यात अळ्या नव्हत्या, पण ताई म्हणाल्या आज नाहीत. मनीप्लांटची बाटली, तिचंही पाणी महिनाभर तेच. बेडरूमच्या एसीची नळी बाल्कनीत पाच लिटरच्या डब्यात सोडलेली, एसी जूनपासून बंद आणि डबा अर्धा भरलेला, त्यात पावसाचं पाणी. स्लायडिंग खिडकीचा खालचा ट्रॅक, त्याला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती मातीने आणि पेंटवाल्याच्या पुट्टीने बुजलेली, म्हणून पावसात ट्रॅकमध्ये बोटभर पाणी राहायचं आणि आम्ही पडदा ओला झाला की फक्त पडद्याला नाव ठेवायचो. जुनी चावी घेऊन भोकं मोकळी केली, पाणी लगेच गेलं. भांडी निथळत ठेवायच्या जाळीखालचा ट्रे, त्यात बुळबुळीत थर.

ताई गेल्यावर आम्ही दोघं तसेच टॉर्च घेऊन पुढे शोधत राहिलो, त्यात डासाशी संबंध नसलेलंही बरंच निघालं. वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर उलटवलं तर घडीत पाणी, एक मोजा आणि काळी बुरशी, कपड्यांना येणारा कुबट वास तिथला होता, आणि मी चार महिने साबण बदलत होते. खालच्या कोपऱ्यातलं छोटं दार उघडून फिल्टर काढायचा असतो हे आम्हाला पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, खाली थाळी धरली, पेलाभर घाण पाणी, रुपयाचं नाणं आणि हेअरपिन निघाली. फ्रिजच्या दाराच्या रबरात, चिमणीच्या तेलाच्या वाटीत, मिक्सरच्या बुडाला आणि रिमोटच्या बटणांत काय असतं ते तुम्हालाही माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त एक सांगते, बुरशी काढायला ब्लीच वापरत असाल तर त्याच दमात टॉयलेटचं अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर तिथे घालू नका, क्लोरीन वायू होतो, बंद बाथरूममध्ये तो छातीत जातो.

आमची मोठी चूक झाली ती यानंतर. सगळीकडचं पाणी काढलं, ट्रे विसळला, हातपाय धुतले, संपलं असं वाटलं. 3 ऑक्टोबरला घटस्थापना. सकाळी फुलं काढायला फ्रिज उघडला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मी नवऱ्याला म्हटलं जरा ओढ पुढे. सातच दिवस झालेले. ट्रेमध्ये जेमतेम अर्ध बोट पाणी आणि त्यात परत अळ्या, अगदी बारीक, केसाच्या तुकड्यासारख्या.

ताईंचा नंबर घेऊन ठेवला होता, फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "घासला होता का नुसता विसळला?" हा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवतो. काळी, खसखशीपेक्षाही बारीक, त्यामुळे प्लॅस्टिकवर घाण असावी तशी दिसतात, लक्षातच येत नाही. पाणी ओतून दिलं तरी ती तशीच चिकटून राहतात, आणि कोरड्यात कित्येक महिने टिकतात. पाणी परत चढलं की फुटतात. म्हणजे आम्ही पाणी ओतून फक्त अळ्या काढल्या होत्या, पुढची पिढी भिंतीवर ठेवून दिली होती. कूलर सप्टेंबरमध्ये सुकवून माळ्यावर टाकायचा आणि मार्चमध्ये काढून सरळ पाणी भरायचं, हे आपण सगळेच करतो, त्यात काय होत असेल याचा विचार करून मला त्या दिवशी धस्स झालं.

मग ट्रे नीट काढला. आमच्या फ्रिजला दोन स्क्रू आणि एक चाप आहे, प्लग काढून, काँप्रेसर थंड होऊ देऊन, हळू सरकवून निघतो. काहींचा निघत नाही, तिथे ओढाताण करायची नाही, नळी तुटते. स्पंजने पाणी टिपून घ्यायचं आणि जुन्या टूथब्रशला साबण लावून कडा घासायच्या. आम्ही कढत पाणी घालून, तारेच्या घासणीने, साबण लावून, वरच्या कडेपर्यंत घासला. घासणी काळी झाली. फ्लशच्या टाकीच्या भिंती, थाळी, बाटली, एसीचा डबा, सगळं त्याच पद्धतीने. डबा तर टाकूनच दिला, नळी आता थेट जाळीत सोडलीय.

मावशींबद्दल मला मुद्दाम लिहायचंय. डेंग्यू झाल्याचं कळल्यावर नातेवाइकांपैकी दोघा-तिघांनी पहिला शब्द काढला तो कामवाली नीट करत नसेल हा. त्या बाईचा यात काडीचा दोष नाही. फ्रिज ओढायला दोन माणसं लागतात, ती एकटी असते, आणि आम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं. बंद बाथरूम तर आम्हीच बादल्या ठेवून बंद केलं होतं. उलट मी तिला ट्रेचं सांगितलं तेव्हा ती विचारात पडली आणि म्हणाली, ताई, माझ्याकडं फ्रिज नाही पण पाण्याचं पिंप आहे, दिवसाआड पाणी येतं, मी वरून भरत राहते, तळ कधी लागतच नाही. पिंप पूर्ण रिकामं न करता वरून भरत राहणं म्हणजे भिंतीवरच्या अंड्यांना रोज पाणी पाजणं. तिला मी तसलीच घासणी आणि पिंपावर बांधायला जुन्या पडद्याचं जाळीचं कापड दिलं. पुढच्या शनिवारी तिने पिंप उपडं करून घासलं.

धूर फवारणीची गाडी दोनदा आली, सोसायटीत लोक खूश झाले, पण गाडी आली की सगळे खिडक्या लावून घेतात, मग फ्रिजच्या मागे धूर कसा पोहोचणार, आणि धुराने उडणारे डास मरतात, अळ्या मरत नाहीत. ग्रुपवर मी ट्रेचा व्हिडिओ टाकला. आधी दोघांनी नको असले व्हिडिओ म्हणून लिहिलं, संध्याकाळपर्यंत आमच्या विंगमधल्या चार घरांनी आपापल्या ट्रेचे फोटो टाकले, चारही भरलेले, दोनात अळ्या. तिसऱ्या मजल्यावरचं घर त्यात होतं. त्या मुलाच्या आईने मला फोन केला आणि आम्ही दोघी बराच वेळ बोलत राहिलो.

आमच्याकडे आता रविवारी सकाळी चहानंतर वीस मिनिटं ठरलेली. आठवड्याच्या आत एकदा सगळं पाणी काढून घासायचं, कारण अळीचा डास व्हायला आठवडा लागतो. यालाच कोरडा दिवस म्हणतात, पोस्टरवर वर्षानुवर्षं वाचलेला शब्द. ट्रे आणि खिडक्यांचे ट्रॅक नवऱ्याकडे, थोरल्याचं बाथरूम माझ्याकडे, बाटल्या-कुंड्या धाकटीकडे. तुळशीची थाळी सासूबाईंनी स्वतःहून काढूनच टाकली, खाली दोन विटा ठेवल्या, पाणी सरळ बाल्कनीच्या जाळीकडे जातं. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलाय म्हणजे टॉर्च आत घालता येतो, कपाटाचं दार त्यामुळे पूर्ण उघडत नाही, चालवून घेतो. 13 ऑक्टोबर ते नोव्हेंबर अखेर, सातही रविवारी ट्रेमध्ये पाणी होतं पण अळी एकही नाही.

दिवाळीची साफसफाई आम्ही या वेळी फ्रिजच्या मागून सुरू केली.

राहिलाय तो डक्ट. आमच्या दोन्ही बाथरूमच्या खिडक्या ज्यात उघडतात त्या डक्टच्या तळाला वरच्या मजल्यांच्या एसीचं आणि गळक्या पाइपचं पाणी साठतं, वरून टॉर्च मारला की चमकताना दिसतं. खाली उतरायला तळमजल्यावर छोटं दार आहे, त्याला गंजलेलं कुलूप आणि चावी कुणाकडेच नाही. सेक्रेटरींशी बोलणं झालंय, येत्या रविवारी कुलूप तोडायला माणूस येतोय, मी आणि तिसऱ्या मजल्यावरची मुलाची आई, आम्ही दोघी तिथे थांबणार आहोत.